गूळ आणि गोडी



आपल्या राहू बेटात सध्या गुऱ्हाळांची चुलवणं पेटली आहेत. आमचंही एक लहान गुऱ्हाळ आहे. चरकातला रस काहिलीत पडतो, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती काढून टाकतात. रस आटला की गुळव्या पाक बघतो, मग वाफ्यात ओततात आणि ढेपा भरतात. चिपाड वेगळं निघतं, मळी वेगळी निघते. पण गुळातून गोडी वेगळी काढलेली कुणी पाहिली आहे का?

ज्ञानेश्वर माउलींनी ‘अमृतानुभव’ या ग्रंथात हाच दाखला दिला आहे. इ.स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. ती गीतेवरची टीका. अमृतानुभव हा मात्र त्यांचा स्वतंत्र ग्रंथ. त्याची दहा प्रकरणं आहेत. पहिल्या प्रकरणात ते शिव आणि शक्ती यांना वंदन करतात. इथे शिव म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व, आणि शक्ती म्हणजे तेच तत्त्व जगाच्या रूपाने दिसतं ते. ही दोन नावं आहेत, वस्तू एकच. ते समजावताना माउली गूळ आणि गोडी, कापूर आणि त्याचा वास असे घरातलेच दाखले देतात. वेगळं करायला जाल तर हातात काहीच राहणार नाही, असं त्यांचं सांगणं.

उपनिषदातही असंच आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतात. सकाळी मीठ दिसत नाही. मग वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखायला सांगतात. सगळीकडे खारटच. दिसत नाही, पण सगळ्यात आहे, आणि तेच तू आहेस, असा तो धडा.

माउलींचा आणखी एक दाखला मला फार जवळचा वाटतो. शिव-शक्तीच्या घरात दोघंच राहतात. घरधनी झोपला की घरधनीण जागी असते, आणि दोघांचंही असणं ती एकटीच सांभाळते. म्हणजे एक दिसत नसला तरी घर अर्धं होत नाही. हे प्रतीक आहे, नवराबायकोची गोष्ट नव्हे, हे मला कळतं. पण मी ते ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझंच घर आलं.

आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. गल्लीत सगळ्यांना बोलावणं गेलं, मला आलं नाही. दारात उभी राहून बाया जाताना पाहिल्या. त्यांच्या तिळगुळातला गूळ आमच्याच गुऱ्हाळातला होता. वाईट वाटलं. पण खरं सांगू का, राग कुणावर धरू? माझ्या थोरल्या जाऊबाई तरुणपणीच एकट्या पडल्या. मी वीस वर्षं हळदीकुंकू केलं, आणि त्यांना दरवेळी आत चहाचं बघायला बसवलं. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या संक्रांतीला मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा कुठे मला त्यांचं गप्प राहणं कळलं.

कुणी म्हणेल, बाई, ब्रह्माची गोष्ट हळदीकुंकवाच्या ताटात कशाला आणता? मी म्हणते, माउलींनीच ती गुळात, मिठात, घरधनिणीत आणून ठेवली आहे. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी ते म्हणतात, मिठाने आपलं मीठपण सोडलं की ते समुद्रच होतं. आपण सवाष्ण, विधवा, परित्यक्ता ही नावं जन्मभर जपतो. आपापलं मीठपण जपत बसल्यावर समुद्र कधी दिसायचा? जे तत्त्व एकीत आहे तेच दुसरीतही आहे, मग एकीला शुभ आणि दुसरीला अशुभ कोणत्या हिशोबाने म्हणायचं?

सगळं एका दिवसात बदलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठराव गावाने करायचा असतो, बोलावणं मात्र आपणच करायचं असतं.

गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. पहिलं बोट थोरल्या जाऊबाईंच्या कपाळाला लावलं. त्यांनी आधी माझा हात धरला, मग सोडला. दोघी-तिघी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या, आणि नेहमीसारख्या गप्पा मारून गेल्या.

यंदाही करणार आहे. तुम्हीही करा. आणि बोलावणं करताना एकही दार सोडून पुढे जाऊ नका.