सत्तरीच्या उंबरठ्यावरची फोर्ट्रान

"कुठली भाषा शिकू?" असं इंजिनिअरिंगची मुलं मला नेहमी विचारतात. त्यांच्या मनात नोकरी असते आणि त्यात काही गैर नाही. पण त्याआधीचा प्रश्न असा, की प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा वापरण्याजोगी कशामुळे ठरते? त्यासाठी आज मी फोर्ट्रान या जुन्या भाषेकडे पाहणार आहे.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे यंत्राला कळणाऱ्या सूचना एकेक करून लिहायच्या. यंत्र बदललं की सगळं पुन्हा. आयबीएममधल्या जॉन बॅकस यांनी १९५३च्या अखेरीस प्रस्ताव दिला, की सूत्र जवळजवळ वहीत लिहितो तसंच लिहावं आणि त्यावरून यंत्राच्या सूचना कंपायलर नावाच्या प्रोग्रॅमने तयार कराव्यात. मुरलेल्या प्रोग्रॅमरांना हे पटत नव्हतं. हाताने लिहिलेल्या सूचनांचा वेग कंपायलरला कसा साधणार? बॅकस यांनी हा आक्षेप मनावर घेतला आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. संगणकाचा तास तेव्हा फार महाग होता. सोपी पण संथ भाषा कोणी हाती धरली नसती. म्हणून भाषेच्या रूपापेक्षा कितीतरी जास्त कष्ट त्यांच्या गटाने कंपायलरवर घेतले. १९५७मध्ये आयबीएम ७०४ यंत्रासाठी फोर्ट्रान आली आणि भौतिकीचे, स्थापत्याचे अभ्यासक आपली गणितं स्वतःच लिहू लागले. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा तिथेही हीच भाषा चालली.

दोष तिच्यात होते आणि ते गंभीर होते. जुनी फोर्ट्रान ओळीतल्या मोकळ्या जागा मोजत नसे आणि चलांची (व्हेरिएबल्सची) आधी घोषणाही मागत नसे. त्यामुळे एक ते दहा आवर्तनं सांगण्यासाठी १,१० लिहिताना स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं, तर कंपायलर तक्रार करत नसे. एक नवंच चल बनवून त्यात १.१० ही संख्या ठेवून पुढे जाई. चूक पोटात घालणारी भाषा माझ्या मते धोकादायक असते. प्रत्येक चल घोषित करायला लावणारी सूचना फोर्ट्रान ९० या प्रमाणित आवृत्तीत आली. त्याला फार उशीर झाला होता.

तरीही ती टिकली, कारण तिने जुनं लिखाण वाऱ्यावर सोडलं नाही. फोर्ट्रान ७७ या प्रमाणित आवृत्तीनुसार लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम आजचे कंपायलरही स्वीकारतात. याउलट पायथनची तिसरी आवृत्ती २००८मध्ये आली ती जुन्या लिखाणाशी फारकत घेऊन. पायथन मला आवडते, तिची सुबकता मी मुलांना आवर्जून दाखवतो. पण दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार २०२०च्या आरंभी संपेपर्यंत लोकांना चालते प्रोग्रॅम पुन्हा लिहीत बसावं लागलं.

जुनं लिखाण टिकण्याचं मोल जवळच दिसतं. पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनच्या हंगामी अंदाजासाठी सीएफएस नावाचं जे संगणकीय मॉडेल वापरलं गेलं, ते मुख्यतः फोर्ट्रानमध्ये आहे. अशी मॉडेलं अनेक पिढ्यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेली असतात. त्यातली प्रत्येक ओळ दर दहा वर्षांनी नव्याने लिहावी लागली असती, तर वातावरणाचा अभ्यास करायला वेळ कुठून उरला असता?

तेव्हा विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. भाषा निवडण्यापूर्वी तिच्यात दहा वर्षांपूर्वी कोणी लिहिलेला एखादा प्रोग्रॅम मिळवा, वाचा आणि आजच्या संगणकावर चालवून पाहा.