दोघांना अडकवणारा एक
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल' असं बजावलं आहे. पण बर्फ, व्हिसा आणि विमानात फुटलेली लोणच्याची बरणी या गोष्टी तुम्ही आपापल्या भाच्या-पुतण्यांकडून ऐकलेल्याच आहेत. म्हणून मी आज अमेरिकन फुटबॉलमधल्या तीन धिप्पाड माणसांबद्दल बोलणार आहे. हसू नका. शेवटी मी आपल्याच मैदानावर येणार आहे.

मी पिट्सबर्गला राहतो. शहराला लागून पेन हिल्स नावाची वस्ती आहे. तिथल्या टेकडीवर व्यंकटेश्वराचं जुनं मंदिर आहे. आम्ही भारतीय मंडळी दर्शनाला जातो, आणि खरं सांगायचं तर चिंचेच्या भातालाही जातो. त्याच पेन हिल्सच्या हायस्कूलमध्ये आरन डोनाल्ड शिकला. शाळेत असल्यापासून तो पहाटे उठून वडिलांबरोबर घराच्या तळघरात वजनं उचलायचा. ऑफिसमधल्या सहकाऱ्यांनी मला त्याचं नाव इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी हा खेळ समजून घ्यावाच लागला.

खेळ थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढ्यात पाच जाडजूड राखणदार भिंत करून उभे. समोर बचाव करणाऱ्यांची रांग, तीन किंवा चार जणांची. भिंत फोडून क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं, की त्याला सॅक म्हणतात. १९८२ पासून प्रत्येक खेळाडूच्या नावावर सॅकची अधिकृत नोंद होते. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा वाटून देतात. आपल्याकडे फलंदाजाच्या धावा मोजाव्यात, तसे तिकडचे लोक सॅक मोजतात.

आता पहिली दोन माणसं. एक ह्यूस्टनचा जे. जे. वॉट, दुसरा रॅम्स संघाचा आपला हा डोनाल्ड. दोघांनाही वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू हा मान तीन-तीनदा मिळाला. वॉटला २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये, डोनाल्डला २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये. वॉटने २०१२ आणि २०१४ अशा दोन्ही हंगामांत साडेवीस सॅक केले. डोनाल्डनेही २०१८ मध्ये बरोबर साडेवीसच केले. कारकीर्द संपली तेव्हा वॉटचे साडेएकशे चौदा सॅक होते १५१ सामन्यांत, आणि डोनाल्डचे एकशे अकरा, १५४ सामन्यांत. म्हणजे कमी सामन्यांत जास्त सॅक. आपल्या गणिताच्या बाईंनी पेपर तपासला असता, तर वॉट पहिला आला असता.

पण आमच्या ऑफिसात वॉट मोठा की डोनाल्ड हा वाद कधी मिटला नाही. कारण दोघं उभे राहायचे त्या जागा वेगळ्या. वॉट बहुतेक वेळा रांगेच्या कडेकडून यायचा. सहा फूट पाच इंच उंची, लांब हात. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचता आलं नाही तर हात उंचावून चेंडूच अडवायचा. २०१२ मध्ये त्याने असे सोळा पास मोडले. त्याच्या जागेवरच्या माणसासाठी हा आकडा अचाट आहे.

डोनाल्ड मधोमध. उंची सहा फूट एक इंच, वजन सुमारे १२७ किलो. तुम्हाला-मला हा पहाड वाटेल, पण त्या जागेसाठी तो बुटका समजला गेला. २०१४ च्या निवडीत त्याच्याआधी बारा जणांची नावं पुकारली गेली.

मधून येणं अवघड का? कडेने कुणी धावून आला, तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकतो आणि हल्ला मागून निघून जातो. हल्ला मधूनच झाला, तर पुढे सरकायला जागाच राहत नाही. आणि मधल्या माणसावर दोन राखणदार सोडणं सोपं असतं, कारण त्याच्या दोन्ही हातांना राखणदार आधीच उभे असतात. डोनाल्डवर वर्षानुवर्षं दोघं-दोघं सोडले गेले. आता साधा हिशोब करा. राखणदार पाच, हल्ला करणारे चार. शिल्लक एक. तो एक डोनाल्डवर खर्च झाला, की उरलेल्या तिघांना समोर एकेकटाच माणूस मिळतो. त्या तिघांपैकी एकाने क्वार्टरबॅकला पाडलं, की सॅक त्याच्या नावावर. डोनाल्डच्या नावावर शून्य.

बाजारालाही हे पूर्ण पटलेलं नव्हतं. २०१८ च्या ऑगस्टअखेर डोनाल्डशी सहा वर्षांचा साडेतेरा कोटी डॉलरचा करार झाला. तोवर कुठल्याही बचावपटूला एवढी रक्कम मिळाली नव्हती. तो विक्रम एक दिवस टिकला. दुसऱ्याच दिवशी कडेवरून धावणाऱ्या खलिल मॅकला शिकागोने चौदा कोटी दहा लाख दिले.

तिसरा माणूस विन्स विलफोर्क. हा न्यू इंग्लंडसाठी अकरा हंगाम खेळला. काम एकच, रांगेच्या ऐन मध्यावर उभं राहायचं आणि आपल्या डाव्या-उजव्या दोन्ही फटी बुजवायच्या. तो दोघांना अंगावर घेऊन तिथेच रुतून राहायचा आणि मागून मोकळे आलेले सहकारी चेंडूवाल्याला लोळवायचे. संपूर्ण कारकिर्दीत त्याचे सॅक किती? सोळा. वॉट आणि डोनाल्डने आपापल्या सर्वोत्तम हंगामात केले त्याहूनही कमी. आणि तरी त्याच्या संघाने त्याच्यासह दोन सुपर बोल जिंकले.

मग श्रेष्ठ कोण? माझं मत विचाराल तर वॉटची ती चार-पाच वर्षं कुणालाच गाठता आली नसती, पण पाठ आणि पाय दुखावल्याने मधली दोन वर्षं जवळजवळ वाया गेली. संघ उभा करायचा असेल, तर मी आधी डोनाल्डला घेईन. दहा वर्षं, दर हंगामात, मधोमध, दोघांशी झुंजत तो उभा राहिला.

१३ फेब्रुवारी २०२२ ची रात्र मी विसरणार नाही. सुपर बोल, रॅम्स विरुद्ध सिनसिनाटी. रॅम्स तीन गुणांनी पुढे, मिनिटभराहून कमी वेळ, सिनसिनाटीला फक्त एक यार्ड हवा. आधी डोनाल्डने चेंडू घेऊन धावणाऱ्याला जागच्या जागी रोखलं. मग शेवटच्या प्रयत्नात तो भिंत फोडून आत शिरला आणि क्वार्टरबॅक जो बरोला कवेत धरून गरकन फिरवलं. बरोने पडता पडता चेंडू भिरकावला, तो जमिनीवर पडला. सामना संपला, २३-२०. चेंडू हातातून सुटला होता, म्हणून तो सॅक नव्हे. नोंद झाली ती 'अपूर्ण पास' अशी. सामनावीर ठरला चेंडू झेलणारा कूपर कप. तोही छानच खेळला होता, त्याबद्दल तक्रार नाही.

पण त्या रात्री टीव्हीसमोर बसलो असताना मला आपलं मैदान आठवलं. तालुक्याची कबड्डीची अंतिम लढत, आम्ही दहावीत. डाव्या कोपऱ्यावर मी. शेवटच्या चढाईत मी घोटा पकडला आणि आपण एका गुणाने जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. वार्षिक अहवालात 'उत्कृष्ट पकड' म्हणून माझं नाव छापून आलं. तो अहवाल माझ्या घरी अजून आहे.

खरं काय झालं होतं, ते मला सुपर बोल पाहताना कळलं. मधोमध आपला एक दोस्त उभा असायचा. चढाईवाला आला, की हा एक पाऊल पुढे टाकून छाती काढायचा. चढाईवाल्याला वाटायचं, हा आता झेपावणार. मधली वाट सोडून तो कडेला वळायचा, थेट माझ्या कोपऱ्यात. मी फक्त खाली वाकायचो. त्या हंगामातल्या माझ्या निम्म्याहून अधिक पकडी अशाच होत्या. त्याच्या नावावर तीन की चार असतील.

सरांना ते दिसत होतं. जिंकून परतताना त्यांनी पाठीवर थाप मारली ती त्याच्या, माझ्या नाही. मला तेव्हा इतका राग आला, की पुढचे दोन दिवस मी दोघांशीही बोललो नाही. सर, आपण आज इथे समोर बसला आहात. त्या दोन दिवसांची माफी मागायला मला एवढी वर्षं लागली.

तो दोस्तही इथेच आहे, तिसऱ्या रांगेत. 'नाव घेतलंस तर उठून जाईन' असं त्याने सकाळीच चहाच्या टपरीवर सुनावलं आहे. त्याला उठवायचं नाही, म्हणून नाव घेत नाही. पण स्मरणिकेच्या संपादक मंडळाला एक विनंती आहे. त्या संघाचा फोटो छापणार असाल, तर त्याखाली 'विजयी संघ' एवढंच लिहून सोडू नका. सातही नावं छापा. आणि त्याचं नाव, तो उभा राहायचा तसं, मधोमध येऊ द्या.