संगणकाचा गाभा आपल्या हाताने
(पालम, जि. परभणी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या शाळांत आणि पंचायत कार्यालयांत संगणक आले, ते चालविणारे हातही तयार झाले. परंतु तो आतून कसा चालतो हे सांगणारे थोडेच आहेत. ही उणीव भरून काढणारा एक छंद आज आपणापुढे मांडावयाचा आहे. तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो मुळापासून स्वतः लिहिणे.

या गाभ्याचे काम कालव्यावरील शेजपाळीसारखे आहे. पाणी एक, शेते अनेक. म्हणून प्रत्येकाची पाळी व वेळ ठरते. साध्या संगणकातही प्रोसेसर एक आणि कामे अनेक. घड्याळाचा ठोका पडताच गाभा चालू काम थांबवितो, त्याची स्थिती नोंदवितो आणि दुसऱ्याला पाळी देतो. स्मृतीची वाटणी करून एकाने दुसऱ्याच्या वाट्यात शिरू नये म्हणून बांध राखणे, हेही त्याचेच काम.

प्रारंभ अगदी लहान असतो. जुन्या पद्धतीचा पीसी सुरू होताच डिस्कवरील पहिले ५१२ बाइट स्मृतीत घेतो व तेथील आज्ञा पाळू लागतो. पडद्यावर एक अक्षर उमटविणे ही पहिली पायरी. पीसीच्या मूळ अक्षरसंचात देवनागरी नाही. ‘प’ हवा असेल तर तो ठिपक्याठिपक्यांनी स्वतःच रेखाटावा लागतो. पुढे कळफलक, घड्याळ, स्मृती अशा पायऱ्या येतात. क्युइमू हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकातच दुसरा आभासी संगणक उभा करते. त्यामुळे प्रयोग फसला तरी शाळेच्या नोंदींना धक्का लागत नाही.

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्याच वर्षी हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केवळ छंद म्हणून लिहिलेला गाभा जगापुढे ठेवला. एकामागे शासनाचे पाठबळ होते, दुसऱ्यामागे घरचा एक पीसी. तेच लिनक्स आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

प्रत्येक विद्यार्थी लिनक्स घडविणार नाही. यासाठी सी भाषेचा अभ्यास आणि कित्येक महिन्यांची चिकाटी लागते. पण ज्याने एकदा हा गाभा लिहिला, त्याला कोणतेही यंत्र बंद पेटी वाटत नाही. पंचायतीने एक जुना संगणक व बसावयास जागा द्यावी, शिक्षकांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.