वेचणीचे दिवस आणि पोरांची शाळा



थंडीत कापूस फुटला की सहावी-सातवीचे वर्ग रिकामे होतात. आपल्याला शिक्षणाचं वावडं नाही. कापसाच्या भावात वेचणीची मजुरी परवडत नाही, म्हणून पोरांचे हात लागतात. भावाची लढाई आपण लढतोच आहोत. पण पोराचं बुडालेलं वर्ष कुठलाही भाव भरून देत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक ठेवले, निम्म्या महिला. अनुदानावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं काम. ती सहीपुरती उरता कामा नये. स्नेहसंमेलनाला टाळ्या वाजवायला जाऊच; पण हजेरीपटही पाहू. वेचणीत बुडालेला अभ्यास कधी भरून काढायचा, ते गुरुजींबरोबर बसून ठरवू.