मुलांनी वृत्तांत लिहायला शिकावे
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत झालेल्या कार्यक्रमाचा वृत्तांत मुलांनी कसा लिहावा, या लहानशा विषयावर मी आज बोलणार आहे. दहावीला मराठीत बातमीलेखन असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. परंतु थोड्या गुणांपुरता हा विषय मर्यादित नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

निबंधात मुलाला काय वाटले याला महत्त्व असते, वृत्तांतात काय घडले याला. आपली मुले मात्र वृत्तांतही निबंधासारखाच लिहितात. हा नमुना पाहा : 'आमच्या शाळेचा क्रीडादिन मोठ्या उत्साहात संपन्न झाला. सर्वत्र आनंदाचे वातावरण होते. प्रमुख पाहुण्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले.' क्रीडादिन कोणत्या तारखेला झाला, पाहुणे कोण होते, ते काय बोलले, यांतले काहीच येथे नाही. 'क्रीडादिन' काढून 'विज्ञान प्रदर्शन' घाला, मजकूर तसाच चालेल! दोष मुलांचा नाही. आपण मोठी माणसेच आपल्या अहवालांत असे लिहितो आणि मुले ते उचलतात.

यावर उपाय सोपा आहे. कार्यक्रमाला जाताना मुलाच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. काय, कोण, कुठे, केव्हा, का आणि कसे, हे सहा प्रश्न त्याने पानावर आधीच लिहून ठेवावेत. सुरुवातीची वेळ घड्याळात पाहून टिपावी. 'शेकडो प्रेक्षक' असे लिहिण्यापूर्वी खुर्च्यांच्या रांगा आणि एका रांगेतल्या खुर्च्या मोजून गुणाकार करावा. नाव ज्याचे त्याला विचारून लिहावे. 'काझी' आणि 'गाझी' ऐकताना सारखेच वाटतात, आणि शेख तर प्रत्येक वर्गात चार-पाच असतात! पाहुण्यांचे वाक्य जसेच्या तसे टिपले असेल तरच ते अवतरणचिन्हांत द्यावे, नाहीतर आपल्या शब्दांत आशय सांगावा.

लेखन त्याच संध्याकाळी व्हावे. दोन दिवसांनी पाहिलेले आणि ऐकलेले एकमेकांत मिसळते. पहिल्या परिच्छेदातच मुख्य गोष्ट यावी, बारीकसारीक तपशील मागाहून. लिहून झाल्यावर 'छान', 'भव्य', 'अविस्मरणीय' हे शब्द खोडून पाहावेत. 'नाटक छान झाले' यापेक्षा 'नाटक संपल्यावर मागच्या रांगेतले पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते' हे वाक्य अधिक सांगते. नाटक कसे झाले ते वाचकच ठरवील.

आपल्या कित्येक मुलांच्या घरी कोकणी बोली किंवा दखनी उर्दू बोलली जाते. पुस्तकी मराठीच्या धास्तीने ती 'संपन्न' आणि 'मोलाचे' यांचा आधार घेतात. अशा मुलाने काय घडले ते आधी अम्मीला किंवा दादीला घरच्या बोलीत सांगावे आणि मग साध्या मराठीत लिहावे. तारीख, नाव आणि घटनेचा क्रम कोणत्याही भाषेत बदलत नाही.

आता अवघड भागाकडे येतो. समजा, कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला, ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडला आणि कबड्डीत आपला संघ बारा गुणांनी हरला. मुलाने ते लिहिले. आपण काय म्हणतो? 'हे कशाला लिहिलेस? शाळेचे नाव खराब होईल!' त्या क्षणी मूल शिकते की, पाहायचे एक आणि लिहायचे दुसरे. ही शिकवण पुढे आपल्यालाच महागात पडते. माझे म्हणणे आहे की, हरलो तर हरलो असेच छापावे.

मात्र खरे लिहिणे म्हणजे कोणाला टोचणे नव्हे. ध्वनिक्षेपक बंद पडला, हे पाहिलेले. तो अमक्याच्या हलगर्जीपणाने बंद पडला, हा तर्क. चौकशी केल्याशिवाय त्याला वृत्तांतात जागा नाही. एखादी लहान मुलगी रंगमंचावर कविता विसरली, तर तिचे नाव छापण्याचीही गरज नाही.

'तू स्वतः पाहिलेस की कोणी सांगितले?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. हदीसच्या अभ्यासकांनी प्रत्येक कथनाबरोबर ते कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, म्हणजे इस्नाद, जपली आणि तपासली. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी वृत्तपत्र सुरू केले, त्याचे नावही 'दर्पण'. आरशाने चेहरा आहे तसा दाखवावा, हीच अपेक्षा.

पालकहो, याचा उपयोग शाळेबाहेरच अधिक आहे. वीजबिलाची तक्रार, अपघातानंतरचा जबाब, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालचा अर्ज, सगळीकडे नेमकेपणा लागतो. ज्याला तो जमत नाही, त्याला अर्ज लिहून देणाऱ्याचे पाय धरावे लागतात. आणि मोबाइलवर आलेली अफवा पुढे ढकलण्याआधी 'कुठे? केव्हा? कोणी पाहिले?' असे विचारणारा एक मुलगा घरात असला, तर मोहल्ल्यावरचे मोठे संकटही टळू शकते.

म्हणून माझी विनंती आहे. शाळेत कार्यक्रम झाला की घरी मुलाला हे सहा प्रश्न विचारा. उत्तरे त्यालाच लिहू द्या, तुम्ही लिहून देऊ नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या स्मरणिकेत शाळेच्या कार्यक्रमांचे वृत्तांत तुमच्या हातचे असावेत. भाषा साधी असली तरी चालेल, तारखा मात्र बरोबर हव्यात.