ईसीजी नॉर्मल आला, मग थांबवता कशाला?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित भाग)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे आणि मधे डॉक्टरचं भाषण! मंडळाने तुमची परीक्षाच घेतली म्हणायची. म्हणून एकाच विषयावर बोलतो.

छातीत दुखणारा रुग्ण आला, की पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो. त्यात अटॅक स्पष्ट दिसला तर प्रश्नच नाही, उपचार लगेच सुरू. प्रश्न बाकीच्यांचा. पहिला ईसीजी नॉर्मल असूनही अटॅक असू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण ते दिसायला काही तास लागू शकतात. म्हणून पुन्हा तपासणी. नातेवाइकांना मात्र वाटतं, बिल वाढवताहेत!

मग घरी कुणाला सोडायचं? त्यासाठी २००८ साली हॉलंडच्या डॉक्टरांनी 'हार्ट स्कोअर' मांडला. दुखण्याची हकीकत, ईसीजी, वय, मधुमेह-तंबाखूसारखे धोके आणि ट्रोपोनिन. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४४० रुग्णांच्या अभ्यासात तीनपर्यंत गुण असलेल्यांपैकी १.७ टक्क्यांना सहा आठवड्यांत अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा मृत्यू यांपैकी काही झालं. सात किंवा जास्त गुणांत हेच प्रमाण निम्मं!

आता आपली अडचण ऐका. यादीत पहिली आहे हकीकत, आणि ती भाषेवर चालते. गावाहून आलेल्या आई म्हणतात, "छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतंय, डावा हात भरून आलाय." इथे हैदराबादेत ड्यूटीवरच्या डॉक्टरला मराठी येत नाही. चिरंजीव भाषांतर करतात, "गॅस है." झालं, दोन गुण गेले! कृपा करून आपलं निदान सांगू नका, आईंचे शब्द सांगा. कधी सुरू झालं, चालताना वाढतं का, घाम फुटला का. मधुमेह्यांना तर कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो.

आणि वेळ घालवू नका. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या भारतातल्या वीस हजारांवर रुग्णांच्या नोंदींत, निम्म्या लोकांना दवाखान्यात पोहोचायला सहा तास किंवा अधिक लागले होते.

जुना ईसीजी घरात असेल तर बरोबर आणा. नव्याशेजारी ठेवला की बदल चटकन दिसतो.