कुठला उंदीर?

मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला. पुढे प्लेगच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या शास्त्रज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. प्लेगचे जंतू टोचले की मद्रासचे उंदीर पटापट मरत, मुंबईचे मात्र बरेचसे तगून राहत. मद्रासेत साथ फारशी फिरकलीच नव्हती. मुंबईत दर साथीला कच्चे उंदीर गळत गेले आणि टिकाऊंची पिलावळ मागे राहिली. परळच्या हाफकिन संस्थेत सोखी आणि चित्रे यांनी १९३७ साली देशातल्या रानउंदरांची ही प्रतिकारशक्ती पुन्हा तपासली. तेव्हा ‘उंदरावर प्रयोग केला’ एवढ्याने भागत नाही. कुठल्या उंदरावर, हे विचारायलाच हवं.

प्लेगचं कारण निदान एकच जंतू. मधुमेहात किंवा रक्तदाबात अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो, त्यात खाण्यापिण्याची भर. अशा रोगाचा निकाल एकाच वाणावर लावणं म्हणजे एक मालदांडी पेरून साऱ्या ज्वारीचा उतारा सांगणं. मंगळवेढ्याचा शेतकरी हसेल. सख्ख्या भावाबहिणींची जोडी लागोपाठ वीस पिढ्या लावली की उंदरांचा शुद्ध वाण तयार होतो. त्यातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याचा जवळजवळ जुळाच. एकाला तेलकट खाऊ घाला, दुसऱ्याला साधं. फरक पडला तर तो खाण्याचा. असे अनेक वाण शेजारीशेजारी ठेवून तेच खाणं दिलं, तर उरलेला फरक मुख्यतः वंशातला. जपानमध्ये गोतो आणि काकिझाकी यांनी प्रयोगशाळेतल्या साध्या विस्टार उंदरांना साखर पाजली, ज्यांच्या रक्तातली साखर लवकर उतरेना त्यांचीच पैदास पिढ्यानपिढ्या केली, आणि १९७५ साली लठ्ठ नसलेला मधुमेही वाण जगापुढे ठेवला. रोगाची बीजं त्या निरोगी कळपातच विखुरलेली होती.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप खराच. पण जपानमध्येच तयार झालेल्या उच्च रक्तदाबाच्या वाणाच्या एका शाखेत १९९९ साली सीडी-३६ या जनुकातला दोष सापडला, आणि हे जनुक माणसातही आहे. मग थेट माणसंच का तपासू नयेत? तपासावीतच. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून तेच करत आहेत. वजनाने हलकी, पण अंगात चरबी राखून जन्मणारी बाळं त्यातूनच कळली. पण माणसाच्या पिढीला पंचवीस वर्षं लागतात आणि कुणाच्या ताटावर पहारा ठेवता येत नाही. शुद्ध वाण कृत्रिम असतात, हेही मान्य. म्हणूनच दोन वाणांचा संकर करून निष्कर्ष पुन्हा ताडायचा. प्राणी जास्त लागतील, ही भीती मात्र पटत नाही. एकाच वाणाचे साठ घेण्याऐवजी दहा वाणांचे सहा-सहा घेता येतात.

पुण्यातच पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या विस्टार उंदरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घालूनही त्यांची मधुमेहाकडची ओढ गेली नाही. काम मोलाचं आहे, पण घराणं एकच. उपासमारीची ही खूण कुठलाही उंदीर वाहील की फक्त हाच, याचं उत्तर त्या पिंजऱ्यांतून निघू शकत नाही.